२९ ऑगस्ट : एका तारखेची गोष्ट

श्रोतेहो, माझा वाढदिवस १ जूनला येतो. हे भाषण ऐकणाऱ्या अनेकांचाही तोच असेल. आमच्या पिढीत खेड्यातल्या पोराला बाप शाळेत घेऊन जाई. गुरुजी विचारत, "जन्मतारीख?" बाप डोके खाजवी. मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगत. कान हाताला लागला की पोरगा सहा वर्षांचा झाला! शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून दाखल्यावर १ जून लिहिला जाई. त्यामुळेच आपल्याकडे ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांतून निरोप समारंभांची रांग लागते. हारवाल्यांचा तो दिवाळसण असतो.

माझी खरी जन्मतारीख अम्माकडे होती, पण ती तारखेच्या रूपात नव्हती. अम्मा शाळेत गेली नव्हती. मी विचारले की ती आपल्या दखनीत सांगायची, "शाबान का चांद दिख्या, उसी रात तू हुया." आणि साल? "दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात." त्या दुष्काळात तिने खडी फोडली होती, मिलोच्या भाकरी खाल्ल्या होत्या. ते साल ती कशी विसरेल?

बरीच वर्षे मी ते हसण्यावारी नेले. अम्मा गेल्यानंतर एकदा घर आवरताना जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेली एक जंत्री हाती लागली. तिच्यात हिजरी आणि इंग्रजी तारखा शेजारी शेजारी छापलेल्या होत्या. १९७२ चा दुष्काळ, पुढचा पावसाळा १९७३ चा. हिजरी सन १३९३. शाबान महिन्याचा चंद्र दिसला तो बुधवारी, २९ ऑगस्ट १९७३ च्या संध्याकाळी. मध्यरात्र उलटून जन्मलो असेन तर ३० ऑगस्ट, एवढाच काय तो फरक. सरकारी दाखल्यापेक्षा अम्माचा हिशेब कितीतरी जवळचा होता. पण तो जुळला तेव्हा सांगायला ती नव्हती.

तेव्हापासून २९ ऑगस्ट या तारखेकडे मी जरा आपुलकीने पाहू लागलो. या दिवशी आणखी कोण जन्मले, कोण गेले, काय घडले, हे शोधू लागलो. वर्तमानपत्रातली 'दिनविशेष'ची चौकट आपण सगळेच वाचतो. चहाचा घोट संपेपर्यंत ती वाचून होते. तिच्यात एका ओळीत राजा मरतो, दुसऱ्या ओळीत नट जन्मतो. एका तारखेला आल्या म्हणून या ओळींचे एकमेकींशी नाते असतेच असे नाही. तारीख हा निव्वळ योगायोग. पण एखादी चौकट जरा रेंगाळून वाचली तर ती आपल्याविषयीही काही सांगून जाते. आपण कोणाची आठवण ठेवतो आणि ती केव्हा ठेवतो, हे तिच्यातून कळते.

२९ ऑगस्ट १८३१. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे नावाचा माणूस एका लोखंडी कड्यावर तार गुंडाळून बसला होता. लोहाराचा मुलगा. लहानपणी बुकबायंडरकडे उमेदवारीला लागला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचत वाचत शिकला. त्याने कड्याच्या एका बाजूला तांब्याच्या तारेचे वेटोळे केले आणि दुसऱ्या बाजूला दुसरे. दोन्ही तारा एकमेकींना कुठे चिकटलेल्या नव्हत्या. पहिली तार त्याने बॅटरीला जोडली. दुसरीजवळ एक चुंबकसूची ठेवली होती. पहिल्या तारेत वीज सोडताच दुसरीजवळची सुई हलली आणि पुन्हा जागेवर आली. वीज वाहत राहिली तोवर सुई ढिम्म राहिली. वीज तोडली की ती पुन्हा हलली.

घडले ते एवढेच. सुईच्या त्या थरथरीतून त्याला विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लागला. वीज नुसती असून भागत नाही, बदल घडतो तेव्हाच शेजारची तार जागी होते. आज कोयनेचे जनित्र फिरते ते याच तत्त्वावर. गावाबाहेरच्या डीपीतला ट्रान्सफॉर्मर म्हणजे फॅरेडेच्या कड्याचा थोरला भाऊ. १९१५ मध्ये खोपोलीच्या टाटांच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, तिच्याही मागे तो लोखंडी कड्याचा दिवस होता. त्या दिवशी टाळ्या वाजल्या नाहीत. फॅरेडेने आपल्या वहीत नोंद केली आणि तो पुढच्या प्रयोगाला लागला. एवढ्या जगाला उजेड देणाऱ्या या माणसाची स्वतःची स्मरणशक्ती मात्र उतारवयात त्याला सोडून जाऊ लागली होती. आपण विसरतो आहोत, ही तक्रार त्याच्या पत्रांतून येते.

याच तारखेला, १८८० साली, आपल्या विदर्भात वणी येथे माधव श्रीहरी अणे जन्मले. लोकनायक बापूजी अणे. टिळकांचे अनुयायी. १९३० च्या जुलैमध्ये त्यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला. समुद्रापासून इतक्या दूर मीठ कुठून आणायचे? म्हणून विदर्भाने जंगलचा कायदा मोडला. सरकारी जंगलातले गवत कापणे हाच तिथला सत्याग्रह झाला. पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. पण १९४३ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचे उपोषण सुरू असताना सरकार त्यांना सोडेना, तेव्हा अणे आणि त्यांचे दोन सहकारी राजीनामा देऊन बाहेर पडले. १९६८ च्या २६ जानेवारीला बापूजी गेले. आपल्या गुरूवर त्यांनी 'तिलकयशोर्णव' हे संस्कृत महाकाव्य लिहिले होते. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९७३ साली, म्हणजे कवी जाऊन पाच वर्षे झाल्यावर.

२९ ऑगस्ट म्हटले की आज देशाला आठवतात ते ध्यानचंद. त्यांचा जन्म १९०५ चा, अलाहाबादचा. वडील लष्करात होते, पुढे कुटुंब झाशीला स्थिरावले. १९२२ मध्ये ते स्वतः शिपाई म्हणून लष्करात भरती झाले. मूळ नाव ध्यानसिंग. दिवसभराची नोकरी आटोपल्यावर चांदण्यात हॉकीचा सराव करायचे, म्हणून सोबत्यांनी 'चंद' म्हणायला सुरुवात केली, असे सांगतात. चांदण्याने नाव दिलेला हा माणूस मला जवळचा वाटतो, याचे कारण आता तुम्हाला ठाऊक आहे!

त्यांच्या गोलांची गोष्ट सर्वांना माहीत आहे. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये त्यांनी १४ गोल केले आणि भारताने अख्ख्या स्पर्धेत एकही गोल खाल्ला नाही. १९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकेवर २४-१ असा विजय मिळाला. त्यात धाकटा भाऊ रूपसिंग याचे १० आणि ध्यानचंदांचे ८ गोल. मला त्या गोलांपेक्षा मुंबईच्या धक्क्यावरची एक गोष्ट अधिक आठवते. १९२८ च्या मार्चमध्ये भारताचा पहिला ऑलिंपिक हॉकी संघ 'कैसर-ए-हिंद' या बोटीने मुंबईहून निघाला. निघण्यापूर्वी तो मुंबईच्या संघाकडून हरला होता. या पोरांकडून कोणाला काय आशा असणार? निरोप द्यायला धक्क्यावर किती माणसे आली होती? तीन. महासंघाचे अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि एक पत्रकार. तोच संघ सुवर्णपदक घेऊन परतला तेव्हा त्याच मुंबईत बंदरावर माणसांचा समुद्र लोटला होता.

परतीच्या गर्दीत कोणीही उभे राहतो, श्रोतेहो. मला त्या तीन माणसांचे मोल अधिक वाटते.

१९३६ ला बर्लिनमध्ये ध्यानचंद कर्णधार होते. स्पर्धेआधीच्या सराव सामन्यात जर्मनीने भारताला हरवले होते, त्यामुळे मनात धाकधूक होती. दारा नावाच्या खेळाडूला घाईघाईने हिंदुस्थानातून बोलावून घेतले गेले. अंतिम सामना आदल्या दिवशी पावसाने लांबला आणि खेळला गेला १५ ऑगस्टला. सामन्यापूर्वी खोलीत पंकज गुप्ता यांनी काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला आणि सगळ्यांनी त्याला वंदन केले. बाहेर मैदानात त्यांना ब्रिटिश अमलाखालचा ध्वज मिरवायचा होता. ध्यानचंद, रूपसिंग, ॲलन, जाफर, दारा असा तो संघ होता. ओल्या मैदानावर पाय घसरू लागले तेव्हा ध्यानचंदांनी बूट काढून ठेवले. भारत ८-१ ने जिंकला. तारखेचा योगायोग पाहा, अकरा वर्षांनी त्याच १५ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला. आणि फाळणीचा योगायोग पाहा, तोच दारा १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये पाकिस्तानचा कर्णधार होता.

१९५६ साली ध्यानचंद मेजर म्हणून निवृत्त झाले, त्याच साली पद्मभूषण मिळाले. नंतरची वर्षे ओढगस्तीची गेली. ३ डिसेंबर १९७९ ला दिल्लीच्या एका रुग्णालयातल्या सामान्य कक्षात यकृताच्या कर्करोगाने ते गेले. आज त्यांचा जन्मदिवस राष्ट्रीय क्रीडा दिन आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय स्टेडियमला २००२ पासून त्यांचे नाव आहे, खेलरत्न पुरस्कारालाही २०२१ पासून. २०२१ च्या याच दिवशी टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये टेबल टेनिसपटू भाविना पटेल आणि उंच उडी मारणारा निषाद कुमार यांनी रौप्यपदके मिळवली, तेव्हा या दिवसाचे सोने झाले असे वाटले. पण सामान्य कक्षातली ती खाट काही मनातून जात नाही. १९७९ हे माझे शाळेत नाव घातले ते साल. माझ्या दाखल्यावर खोटी तारीख चढली त्याच वर्षी खऱ्या २९ ऑगस्टचा धनी असा गेला.

खेळाच्या मैदानावरची आणखी एक २९ ऑगस्ट आहे, २००४ सालची. अथेन्स ऑलिंपिकचा शेवटचा दिवस, पुरुषांची मॅरेथॉन. ब्राझीलचा वँडरलेई डी लिमा सर्वांत पुढे होता. ३५ किलोमीटरहून अधिक अंतर कापून झाले होते. तेवढ्यात गर्दीतून एक माणूस धावत आला आणि त्याने डी लिमाला रस्त्याकडेच्या लोकांत ढकलले. एका ग्रीक प्रेक्षकाने पुढे होऊन त्याची सुटका केली. डी लिमा पुन्हा धावू लागला, पण लय गेली ती गेलीच. इटलीच्या स्टेफानो बाल्दिनीने सुवर्ण जिंकले, डी लिमा तिसरा आला. स्टेडियममध्ये शिरताना तो रडत असेल असे सगळ्यांना वाटले होते. तो मात्र दोन्ही हात विमानासारखे पसरून हसत हसत आला. त्याला खिलाडूवृत्तीचे पिएर द कुबर्तां पदक मिळाले. बारा वर्षांनी, २०१६ ला, रिओ ऑलिंपिकची ज्योत कोणी पेटवावी असा प्रश्न आला तेव्हा त्याच्या देशाने मशाल डी लिमाच्या हाती दिली. ही आठवण मात्र वेळेवर झाली. माणूस समोर उभा होता, टाळ्या त्याच्या कानांवर पडत होत्या.

टाळ्या कानांवर पडूनही ज्याच्यापर्यंत पोचल्या नाहीत, असा एक माणूसही याच तारखेचा आहे. काझी नजरुल इस्लाम यांचे २९ ऑगस्ट १९७६ रोजी ढाक्यात निधन झाले. बर्दवान जिल्ह्यातल्या चुरुलियाचा हा मुलगा पहिल्या महायुद्धात बंगाली पलटणीत कराचीला होता. १९२२ च्या सुरुवातीला त्यांची 'विद्रोही' ही कविता प्रसिद्ध झाली आणि बंगाल हादरला. त्याच वर्षी 'धूमकेतू' या नियतकालिकातल्या लेखनावरून सरकारने त्यांना पकडले. तुरुंगात त्यांनी उपोषण केले, तेव्हा ते सोडावे म्हणून रवींद्रनाथांनी तार पाठवली. नजरुल यांनी अल्लाची गाणी लिहिली आणि कालीमातेचीही. पत्नी प्रमिला हिंदू. दोन्हीकडचे कडवे लोक त्यांच्यावर रागावले, आणि दोन्हीकडच्या साध्या माणसांनी त्यांची गाणी गायली.

'तुम्ही मुसलमान असून मराठीत लिहिता?' हा प्रश्न मला आजवर इतक्यांदा विचारला गेला आहे की आता मी नुसता हसतो. अम्माची अंगाई दखनीत होती आणि शेजारच्या काकूंची ओवी मराठीत. दोन्ही एकाच कानात गेल्या. नजरुल वाचताना मला या प्रश्नाचे उत्तर द्यायची गरज उरत नाही.

नजरुल कलकत्ता रेडिओसाठी काम करत. गाणी रचत, चाली बांधत. १९४२ च्या जुलैमध्ये ते आजारी पडले. हळूहळू वाचा गेली, स्मृती गेली. वय अवघे ४३. पुढे चौतीस वर्षे हा विद्रोही कवी मुका राहिला. रांची, लंडन, व्हिएन्ना, सगळीकडे उपचार झाले. स्वतः पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या प्रमिला १९६२ पर्यंत सोबतीला होत्या. देश स्वतंत्र झाला, १९६० मध्ये पद्मभूषण आले, १९७१ मध्ये बांगलादेशाच्या लढ्यात त्यांची गाणी घुमली. १९७२ मध्ये त्यांना सन्मानाने ढाक्याला नेण्यात आले. आपल्याभोवती काय चालले आहे हे त्यांना किती कळत होते, कोण जाणे. ढाका विद्यापीठाच्या मशिदीशेजारी त्यांची कबर आहे. बांगलादेशात त्यांची पुण्यतिथी बंगाली पंचांगाप्रमाणे १२ भाद्रला पाळतात, आता तो दिवस २७ ऑगस्टला येतो. म्हणजे तारीखसुद्धा कोणाच्या पंचांगातून पाहाल त्यावर ठरते. अम्माला हे ऐकून अजिबात नवल वाटले नसते.

आता या तारखेचे काळे पान. २९ ऑगस्ट १९४९ च्या सकाळी कझाखस्तानात सेमिपालाटिन्स्कजवळच्या गवताळ पठारावर सोव्हिएत संघाने आपला पहिला अणुबॉम्ब फोडला. ताकद सुमारे २२ किलोटन. स्फोटाला सांकेतिक नाव दिले होते 'पहिली वीज'. याच दिवशी फॅरेडेच्या कड्यात जागी झालेली वीज कुठे आणि ही कुठे! पुढच्या चाळीस वर्षांत त्या एका प्रदेशात ४५६ अणुचाचण्या झाल्या, त्यांतल्या शंभराहून अधिक उघड्यावर. आसपासच्या खेड्यांत मेंढपाळ राहत होते. वाऱ्याबरोबर काय येते आहे हे त्यांना कोणी सांगितले नाही. कर्करोग वाढले, व्यंग असलेली मुले जन्मली. सगळे गुपित होते, त्यामुळे त्या माणसांच्या दुःखाला तारीखही नव्हती.

ते गुपित फोडायला पुढे आला एक कवी. ओल्झास सुलेमेनोव्ह. कझाख माणूस, रशियनमध्ये कविता लिहिणारा, शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ. १९८९ च्या फेब्रुवारीत दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपणात त्यांचे काव्यवाचन होते. त्याच महिन्यातल्या भूमिगत चाचण्यांतून किरणोत्सर्ग बाहेर पडल्याचे त्यांना कळले होते. कॅमेऱ्यासमोर बसल्यावर त्यांनी कविता बाजूला ठेवल्या आणि किरणोत्सर्गाविषयीचे निवेदन वाचले. लोकांना लेखक संघाच्या इमारतीशी जमायचे आवाहन केले. हजारो लोक आले. त्यातून जन्मली 'नेवाडा–सेमिपालाटिन्स्क' चळवळ. नेवाडा म्हणजे अमेरिकेचे अणुचाचण्यांचे ठिकाण. आपल्या दुःखाच्या नावात पलीकडच्यांचेही नाव गुंफायचे, हे कवीलाच सुचू शकते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरनंतर तिथे चाचणी झाली नाही.

मग चाचणी क्षेत्र कायमचे बंद करायचे ठरले. ते बंद झाले २९ ऑगस्ट १९९१ ला. ही तारीख मुद्दाम निवडलेली होती. जिथे पहिला स्फोट झाला तिथेच, त्याच दिवशी कुलूप. पुढे कझाखस्तानच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २००९ मध्ये २९ ऑगस्ट हा अणुचाचणीविरोधी आंतरराष्ट्रीय दिवस ठरवला. तारीख योगायोगाने मिळते, असे मी सुरुवातीला म्हणालो. पण ती तशीच सोडायची की तिचे काही करायचे, हे माणसांच्या हातात असते. त्या लोकांनी बेचाळीस वर्षे भोगलेली तारीख स्वतःच्या हाताने बदलून घेतली.

हे सगळे वाचून झाल्यावर मला एकच रुखरुख लागली. अणेंचा पुरस्कार उशिरा, ध्यानचंदांचा गौरव उशिरा, नजरुल यांना कळेनासे झाल्यावर सन्मान. आणि अम्माचा हिशेब बरोबर होता हे मला कळले तेही उशिराच. मोठ्यांना नावे ठेवताना आपणही त्याच रांगेत उभे असतो. धक्क्यावर तिघांतला एक व्हायचे असेल तर बोट सुटायच्या आत जावे लागते.

म्हणून परवाच्या १ जूनला मी आमच्या गावी गेलो. माझ्या दाखल्यावर तारीख लिहिणारे गुरुजी आता ऐंशी पार करून गेले आहेत. ओसरीवर बसले होते. पाया पडलो, पेढे ठेवले. म्हणाले, "कशाचे रे?" मी म्हणालो, "वाढदिवसाचे. तुम्हीच दिलेल्या." गुरुजी मोठ्याने हसले. म्हणाले, "या तारखेची दीडेकशे पोरे केली मी. पेढे घेऊन येणारा तू पहिलाच."

मग मी त्यांना शाबानच्या चंद्राची, जंत्रीची आणि २९ ऑगस्टची गोष्ट सांगितली. गुरुजी बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुझी आई दारात उभी राहून सांगत होती रे चांदाचं काहीतरी. मला घाई होती. मी लिहून घेतलं नाही."

निघताना त्यांनी हाक मारली. "मग त्या तारखेलाही ये."

मी जाणार आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)